खेळाच्या पोथ्यांचा अस्त

कोणत्याही खेळाला दोन अंगे असतात. एक दिसणारे, म्हणजे पट, सोंगट्या, पत्ते, मैदान आणि गडी. दुसरे न दिसणारे, म्हणजे नियम. पहिल्या अंगावाचून एक वेळ भागते. जमिनीवर कोळशाने रेघा ओढून आणि चिंचोके फोडून आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर पट मांडले. नियमावाचून मात्र एक डावही पुरा होत नाही. होते ती केवळ भांडणे.

हा नियम राहतो कोठे? इतिहासाकडे पाहू लागले म्हणजे त्याची चार वसतिस्थाने दिसतात. वडीलधाऱ्यांचे मुख हे पहिले, खुद्द पट हे दुसरे, छापील पुस्तक हे तिसरे आणि अलीकडे यंत्राचे पोट हे चौथे. ह्यांपैकी तिसऱ्याचा, विशेषतः व्हिडिओ गेमबरोबर पेटीत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेचा उदय आणि अस्त हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्यांचा दिवस नियमांची कलमे आणि परिपत्रके चाळण्यात जातो अशा वाचकांस तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः नियम कोणाच्या हाती असावा हा जो प्रश्न कचेरीत रोज उभा राहतो, तोच येथे मुलांच्या खेळात उभा आहे; आणि तेथे त्याचा निकाल अधिक लवकर व अधिक स्पष्ट लागला आहे.

मौखिक नियमाचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही पाहावयाची असतील तर सावंतवाडीच्या गंजिफांकडे पाहावे. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० पाने असतात. पानांवरची चित्रे पाहून मत्स्य कोणता, वामन कोणता, राजा कोण नि वजीर कोण हे कळते. पण दहांपैकी पाच रंगांत पानांची चढण उलटी असते, किंवा दिवसा खेळ मांडल्यास रामाने आरंभ करावयाचा व रात्री मांडल्यास कृष्णाने, हे काही पान सांगत नाही. ते जाणत्याने सांगावे लागते. जाणते कमी होत गेले तसा खेळ मागे पडला. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी ह्यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ह्या कलेला पुन्हा आश्रय दिला, म्हणून पाने आजही रंगविली जातात. तथापि ती भिंतीवर टांगणारे पुष्कळ आणि हातात धरून खेळणारे थोडे, अशी स्थिती आहे. वस्तू वाचली, पण नियम जाणणारे विरळ झाले.

दुसरे वसतिस्थान पटाचे. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट किंवा पश्चिम भारतातील जैनांचा ज्ञानचौपड हे ह्याचे उत्तम नमुने. त्यांत घरांना नावे असतात. शिडीने कोणत्या गुणामुळे वर चढलो आणि सापाने कोणत्या दोषामुळे खाली आलो, हे त्या त्या घरातच वाचावयास मिळते. खेळता खेळताच खेळाचा अर्थ उलगडावा ही ह्यातील योजना. आजच्या व्हिडिओ गेमचे निर्माते खेळाच्या आरंभी जे शिक्षणाचे टप्पे घालतात, त्यांचे मूळ तत्त्वही हेच आहे. म्हणजे खेळात शिकवण मुरविण्याची कल्पना नवी नव्हे. पटावर लिहिलेले डोळ्यांसमोर कायम असते आणि यंत्रातले सरून जाते, एवढाच काय तो फरक. पुढे दिसेल की हा फरक लहान नाही.

तिसरे वसतिस्थान ग्रंथाचे, आणि त्याचा मोठा वारसा आपण सध्या राहतो त्याच प्रांताकडे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाने कोणत्या क्रीडा व विनोद कसे करावेत ह्याची सविस्तर चर्चा आहे. जुन्या मराठीतील काही पदपंक्ती ह्याच ग्रंथात आढळतात, ह्यामुळे मराठी अभ्यासकांना तो दुहेरी जिव्हाळ्याचा. पुढे म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार ह्यांनी ह्या बाबतीत कळस केला. १८३१ साली इंग्रजांनी राज्यकारभार हातून काढून घेतल्यावर ह्या राजाने आपली बुद्धी विद्या-कलांकडे आणि खेळांकडे वळविली. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ ह्या सचित्र ग्रंथाचे नऊ निधी आहेत आणि त्यांतील शेवटचा ‘कौतुकनिधि’ खेळांसाठी राखलेला आहे. गंजिफांचे अनेक नवे प्रकार त्यांनी योजिले, त्यांतील सर्वांत मोठ्यात ३६० पाने आहेत. एवढ्या पानांचा खेळ तोंडी परंपरेवर चालणार नाही, हे राजाने ओळखले असावे. राज्य करण्याची सत्ता गेलेल्या पुरुषाने खेळांचे नियम लिहून ठेवावेत, ह्यात जो अर्थ आहे तो वाचकांनीच ताडावा.

महाराष्ट्रात हेच काम विसाव्या शतकाच्या आरंभी मैदानी खेळांच्या बाबतीत झाले. खो-खो आणि हुतुतू गावोगाव खेळले जात होते, पण प्रत्येक गावचा रिवाज निराळा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम ठरवून स्पर्धा भरविल्या. नियम कागदावर आले म्हणून एका गावचा गडी दुसऱ्या गावच्या गड्याशी परक्या पंचासमोर खेळू शकला. पुस्तिका नसती तर आज कबड्डी ज्या प्रांतोप्रांतीच्या आणि देशोदेशीच्या मैदानांवर खेळली जाते, तेथे ती पोहोचली नसती. लिखित नियमाचे पहिले कार्य हेच. अनोळखी माणसांना तो समान पातळीवर आणतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे व्हिडिओ गेमच्या पुस्तिकेचा इतिहास नीट उमगतो. १९७२ साली अमेरिकेत ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ निघाला, तेव्हा चेंडू चुकू देऊ नका म्हणजे गुण वाढतील, एवढ्या अर्थाची एक ओळ खेळणाऱ्यास पुरेशी होती. पण त्याच वर्षी घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे ‘ओडिसी’ नावाचे यंत्र विक्रीस आले. त्याला पडद्यावर काही ठिपके हलविण्यापलीकडे फारसे काही येत नसे. गुणसुद्धा मोजता येत नसत. म्हणून पडद्यावर चिकटवावयाचे रंगीत पारदर्शक कागद, फासे, पत्ते, खोटे पैसे आणि ह्या सगळ्याचा मेळ घालणारी पुस्तिका ही पेटीतूनच दिली जात. ती पुस्तिका हरवली की यंत्र म्हणजे निव्वळ लुकलुकणारे ठिपके.

पुढील यंत्रे हुशार झाली तरी त्यांची स्मृती तोकडीच होती. १९७७ सालच्या अटारी यंत्राबरोबर ‘काँबॅट’ हा खेळ येई. त्याचा सगळा ऐवज २ किलोबाइटांचा, म्हणजे इंग्रजी मजकुराचे जेमतेम एक पान भरेल इतका. तेवढ्यात त्या कारागिरांनी रणगाडे आणि विमाने ह्यांच्या लढाईचे २७ प्रकार बसविले होते. आता त्या २७ प्रकारांत फरक काय हे सांगावयास यंत्रात जागा उरली कोठे? ते काम पुस्तिकेतील कोष्टकाकडे आले. यंत्राने खेळवावे आणि कागदाने समजवावे, अशी ही कामाची वाटणी होती. तिच्या मुळाशी साहित्यिक हौस नव्हती, काटकसर होती. पण काटकसरीतून कित्येकदा कला जन्मते.

तशी ती येथे जन्मली. १९८२ साली इन्फोकॉम ह्या अमेरिकन कंपनीने ‘डेडलाइन’ नावाचा खुनाच्या तपासाचा खेळ काढला. साक्षीपुराव्याचा सगळा मजकूर चकतीवर मावेना. तेव्हा त्यांनी जबाब, अहवाल आणि पुराव्याच्या वस्तू ह्यांची एक खरीखुरी वाटावी अशी पोलिसी फाइलच पेटीत घातली. खेळाडूने फाइल उलगडून बसावे, जबाबातील विसंगती हेरावी आणि मग यंत्राला प्रश्न विचारावा. १९८५ च्या ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथ्या खेळाबरोबर त्या काल्पनिक देशाचा इतिहास, मंत्रविद्येचे पुस्तक आणि कापडावर छापलेला नकाशा मिळे. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ची पुस्तिका हे तर एक लहानसे पाठ्यपुस्तकच होते. १९९८ साली निघालेल्या ‘फाल्कन’ ह्या विमानोड्डाणाच्या खेळाची पुस्तिका कचेरीतील नियमसंग्रहासारखी कड्यांच्या फाइलीत घातलेली असून तिची पाने पाचशेच्या वर होती.

पुस्तिकेवाचून खेळाचा अर्थ कसा हरवतो, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे आहे. हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटांचा. त्यात कथा सांगण्यास अवकाश नाही. कथा पुस्तिकेत आहे. तिच्यात असे म्हटले आहे की, दुष्ट कासवांच्या टोळीने जादूने त्या राज्यातील निरुपद्रवी प्रजेचे दगड, विटा आणि झुडपे करून टाकली. म्हणजे नायक उडी मारून डोक्याने ज्या विटा फोडीत जातो, त्या विटा ही शापित प्रजा होय! पुस्तिका वाचलेल्या मुलाला ही वीट फोडताना क्षणभर तरी चुटपुट लागली असेल.

आपल्याकडील मुलांना ती लागली नाही, कारण ती पुस्तिका आपल्याकडील बहुसंख्य घरांत कधी आलीच नाही. १९९० नंतरच्या दशकात समुराई, मीडिया अशा नावांची जी यंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली, त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या कार्ट्रिजांवर शेकडो नि हजारो खेळांचे आकडे छापलेले असत आणि बहुधा तेच चार-दोन खेळ निरनिराळ्या नावांनी पुनः पुनः येत. पेटीत पुस्तिका नसे. क्वचित तारा कशा जोडाव्यात एवढा कागद असे. तेव्हा नियमाने आपले जुने वसतिस्थान पुन्हा धरले. कोणत्या विटेत नाणी आहेत, कोणत्या नळीतून खाली उतरता येते, हे शेजारचा दादा सांगे, त्याला त्याच्या मावसभावाने सांगितलेले असे. माझ्या पिढीने हे खेळ असेच शिकले. गल्लीतल्या ज्ञानाचा हा व्यवहार मोठा आनंदाचा होता ह्यात शंका नाही. परंतु विटांची कथा ह्या मौखिक परंपरेत आली नाही ती नाहीच. मौखिक परंपरा युक्ती टिकविते. अर्थ टिकवीलच असे नाही.

संगणकावरील खेळांची हकीकत थोडी निराळी आहे. तेथे कंपन्यांनी पुस्तिकेला पहारेकरी केले. नकललेल्या फ्लॉप्यांवर आळा बसावा म्हणून खेळ मध्येच थांबे आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्द कोणता, असे विचारी. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ह्या १९८९ सालच्या खेळाच्या संगणकावरील आवृत्तीत पहिला टप्पा ओलांडला की अक्षरे लिहिलेल्या औषधांच्या सुरया समोर येत. पुस्तिकेतील शब्दाच्या आद्याक्षराची सुरई प्यावयाची, चुकीची प्याल्यास गाठ मरणाशी. त्याच वर्षीच्या ‘सिमसिटी’ने तर सांकेतिक माहिती गडद लाल कागदावर छापली, जेणेकरून तिची झेरॉक्स निघू नये. वाचकाला मदत करण्यासाठी जन्मलेली पुस्तिका येथे वाचकाचा दाखला तपासू लागली. एखाद्या संस्थेच्या अधोगतीची ही ओळखीची पायरी होय.

अस्ताची कारणे ह्यानंतर एकामागून एक आली. फ्लॉपीची धारणा १.४४ मेगाबाइट, सीडीची साडेसहाशेच्या घरात. स्मृतीची टंचाई सरली, तशी कामाची ती जुनी वाटणी निरर्थक ठरली. जे सांगावयाचे ते आता खेळातच बोलून, दाखवून, करवून घेऊन सांगता येऊ लागले. कागद, छपाई आणि अनेक भाषांतील भाषांतरे ह्यांचा खर्च डोळ्यांत भरू लागला. २००३ साली ‘स्टीम’ सुरू झाल्यावर खेळ तारेतून घरी येऊ लागला. पेटीच नाही तेथे पेटीतील पुस्तिका कसली! एप्रिल २०१० मध्ये यूबीसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने वृक्षरक्षणाचे कारण देऊन आपल्या काही यंत्रांवरील खेळांच्या छापील पुस्तिका बंद केल्याचे जाहीर केले. इतरही त्याच वाटेने गेले. २०१७ साली निन्टेन्डोचे ‘स्विच’ हे यंत्र आले तेव्हा त्याच्या बहुतेक खेळांच्या डब्या उघडल्यावर आत एक इवलेसे कार्ट्रिज आणि उरलेली पोकळी एवढेच सापडे. ज्या बंगळूरमध्ये १९९७ साली ध्रुव इंटरॅक्टिव्हसारखी खेळनिर्मितीची संस्था उभी राहिली, तेथील आजच्या मुलाला खेळाबरोबर पुस्तक मिळत असे ही गोष्ट सांगितली तर ती त्याला दंतकथा वाटेल.

ह्या सर्वांत खोल कारण मात्र निराळे आहे. आजचा खेळ विकला गेल्यानंतरही बदलत राहतो. जाळ्यावरून त्यात सुधारणा येतात. काल ज्या तलवारीचा घाव दहा गुणांचा होता तो आज सात गुणांचा होतो. छापील पुस्तिका अशा खेळाचे वर्णन करू लागली तर महिन्याभरात खोटी ठरेल. म्हणजे पुस्तिका गेली ती केवळ कागद महाग झाला म्हणून नव्हे. नियम स्थिर राहिला नाही म्हणून गेली.

ह्या बदलाचे समर्थन करता येत नाही असे नाही. छापील पुस्तिका बहुधा इंग्रजीत असे, पैसेवाल्यालाच मिळे, आणि कित्येक जण ती न वाचताच ठेवून देत. आज अक्षरओळख नसलेले मूलही खेळ हातात घेऊन पाच मिनिटांत शिकते, आणि अडलेच तर कोणीतरी मराठीत वा कन्नडमध्ये चित्रफितीतून समजावून देतो. शिकविण्याच्या दृष्टीने पाहता पुस्तिकेचा पराभव झाला, आणि तो रास्त झाला, हे मान्य करावयास हवे.

पण पुस्तिका केवळ शिकवीत नव्हती. ती यंत्राच्या बाहेर होती, हे तिचे खरे महत्त्व. खेळाडू एका हाती पुस्तिका आणि दुसऱ्या हाती खेळ घेऊन म्हणू शकत होता की, येथे असे लिहिले आहे आणि तू तसे वागत नाहीस. नियम यंत्राच्या पोटात गेला की ही तक्रार उच्चारताच येत नाही. यंत्र जे करील तोच नियम. आपण कचेरीतील मंडळींनी ह्यावर थोडे थांबून विचार करावा. जाड नियमसंग्रहांस आपण कितीही नावे ठेवली, तरी कनिष्ठ लिपिकदेखील वरिष्ठांसमोर कलमाचा आकडा दाखवू शकतो, ही त्या संग्रहांची देणगी आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयास ज्या १७ बाबी आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगितल्या, त्यांत कार्यालय ज्यांच्या आधारे काम करते ते नियम, सूचना आणि नियमपुस्तिका ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पडद्यावरील एखादे बटण जेव्हा नुसतेच करडे होऊन बसते आणि ‘यंत्र घेत नाही’ एवढेच उत्तर अर्जदारास द्यावे लागते, तेव्हा त्या कायद्याने दिलेले काय हातचे जात आहे हे ओळखणे आपले कर्तव्य होय.

दुसरी हानी इतिहासाची. आपल्या मल्लेश्वरमला ज्याचे नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वराच्या मंदिरास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे ह्यांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आहे. दान दिलेल्या गावाची शेते ह्या वस्तीखाली केव्हाच बुजून गेली; पण व्यवहाराचे कलम दगडावर, व्यवहाराबाहेर, लिहिलेले असल्यामुळे साडेतीनशे वर्षांनीही तो व्यवहार आपल्याला कळतो. आजचे कित्येक खेळ दूरच्या सर्व्हरवर अवलंबून आहेत. सर्व्हर बंद पडला की खेळ संपला, आणि त्याचा नियम सांगणारी पुस्तिका तर कधी छापलीच गेली नाही. जुन्या पुस्तिकांची पाने इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था जपून ठेवीत आहेत ही समाधानाची गोष्ट. पण जी पुस्तिका निघालीच नाही ती जपणार कोण? गंमत अशी की २०२२ साली निघालेल्या ‘ट्यूनिक’ नावाच्या खेळात खेळाडू जे धन गोळा करीत फिरतो ते म्हणजे अनोळखी लिपीतील एका पुस्तिकेची विखुरलेली पाने. हरवलेल्या वस्तूची किंमत निर्मात्यांच्याही ध्यानात आली आहे, असा ह्याचा अर्थ.

शेवटी एक गोष्ट आपल्यासारख्या बदलीच्या लोकांसाठी. मौखिक परंपरेला आजी शेजारी असावी लागते. आपली आजी गावी, आपण येथे, आणि तीन-चार वर्षांनी आणखी कोठे. कवड्यांचा जो खेळ आपल्याकडे कित्येक घरांत चल्लस आठ म्हणून खेळला जातो, तोच येथील कन्नड घरांत चौकाबारा आहे. आणि आतल्या घरांत शिरण्यापूर्वी प्रतिपक्षाची एक तरी सोंगटी मारलीच पाहिजे की नाही, ह्यावर घराघरांत मतभेद आहेत. आपल्या घरचा रिवाज कोणता, हे आपल्या मुलांपैकी कितींना ठाऊक आहे? कंपन्यांच्या पुस्तिका परत आणणे आपल्या हाती नाही. परंतु येत्या सुट्टीत गावी गेल्यावर घरातील वृद्धांना विचारून पटाचे, सागरगोट्यांचे, गंजिफांचे नियम जसे घरी चालतात तसे एका वहीत उतरवून घेणे आपल्या हाती आहे. कवड्या किती, कोणत्या दानाला किती घरे, उतरंड कशी मोजावयाची, वाद झाल्यास कोणाचे ऐकावयाचे, हे सारे लिहावे. आपल्याला टिपण लिहिण्याची सवय आहेच. पुढच्या बदलीच्या सामानात तिला फारशी जागा लागणार नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी कोणत्या तरी परक्या गावी आपल्या नातवंडांचे भांडण मिटविताना ती वही उघडली जाईल.